पुतिनना दिलेल्या घोड्याचं गाव कुठलं? शिष्टाचार विभागाला निपाणीतनं खुलं पत्र

प्रति,
मा. शिष्टाचार प्रमुख,
परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली
(आणि तोषाखान्याच्या, म्हणजे सरकारी माणसांना आलेल्या भेटी जमा होतात तिथल्या, कपाटांच्या चाव्या ज्यांच्या कमरेला असतात ते सगळे)

सप्रेम नमस्कार,

साहेब असाल की मॅडम असाल माहीत नाही, जे कोण असाल त्यांना नमस्कार. मी निपाणीचा, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक, घरात मराठी, दुकानाच्या पाटीवर नियमाप्रमाणं साठ टक्के कन्नड. दुकान भेटवस्तूंचं. भिंतीवरची घड्याळं, फोटो फ्रेमा, लाफिंग बुद्धा, सत्काराच्या शाली, सन्मानचिन्हं, लग्नाचा सीझन आला की कुकर आणि डिनर सेट. तेवीस वर्षं हाच धंदा करतोय. परदेशी पाहुण्यांना द्यायच्या भेटी तुम्ही बघता, म्हणजे बघा, तुमचा आणि माझा धंदा एकच आहे, फक्त तुमची गिऱ्हाइकं मोठी आणि उधारी नसते.

पत्राचं निमित्त एका घोड्याचं. २०२५ च्या डिसेंबरात रशियाचे अध्यक्ष पुतिन दिल्लीला आले होते तेव्हा आपल्या पंतप्रधानांनी त्यांना काय काय दिलं त्याची यादी पेपरात आली होती. धंद्याची सवय म्हणून मी असल्या याद्या आवडीनं वाचतो, काही कात्रणं तर गल्ल्यात ठेवलेली आहेत. आसामचा चहा, मुर्शिदाबादचा चांदीचा टी-सेट, काश्मीरचं केशर, आग्र्याचा संगमरवरी बुद्धिबळाचा पट, रशियन भाषेतली गीता आणि महाराष्ट्रातला चांदीचा घोडा. मी हे मोठ्यानं वाचत होतो आणि बायको हिशेब लिहीत होती, तिनं वर न बघताच विचारलं, "अहो, महाराष्ट्रातला म्हणजे कुठला?"

आता हा प्रश्न तिनं विचारला ह्याला कारण आहे. तिचं माहेर हुपरी. चांदीचं हुपरी. निपाणीतनं गाडी काढली तर तासाभराच्या आत पोचतो आपण. माझे सासरे आयुष्यभर पैंजणांना घुंगरं जोडत बसले, डोळे गेले त्यात. त्या गावात घराघरात भट्टी, घराघरात चांदी, त्यामुळं चांदीचा घोडा म्हटल्यावर तिचे कान टवकारले. घोडा हुपरीचाच असं मी म्हणत नाही. नसेलही, चांदीचं काम करणारी गावं काय एकच आहेत का. पण मुर्शिदाबादला मुर्शिदाबाद म्हटलं, आग्र्याला आग्रा म्हटलं आणि आमच्या घोड्याला अख्खं महाराष्ट्र राज्य जोडून दिलं, म्हणजे पत्त्यात नुसतं "भारत" लिहून पत्र पोस्टात टाकल्यासारखं झालं की हो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. भेट देताना वस्तू जिथं झाली त्या गावाचं नाव घाला आणि ज्या हातानं झाली त्याला निदान कळवा. बाकीचं पत्र हे ह्याच्यासाठीच आहे, लांबलंय, माफ करा.

आमच्याकडं लग्नात एक माणूस मांडवाच्या तोंडाला टेबल टाकून बसतो, तुमच्याकडंही बसत असेल. आहेर लिहून घेणारा. त्याच्या वहीत नुसतं नाव चालत नाही, नावाच्या पुढं गाव लागतं. आप्पासाहेब, कोगनोळी, एकशे एक. तुकाराम, संकेश्वर, एकावन्न आणि टॉवेल-टोपी. गाव कशाला? कारण आप्पासाहेब पंचक्रोशीत पन्नास असतात आणि उद्या त्याच्या पोराच्या लग्नात आपल्याला तो आहेर फेडायचा असतो. ही वही घरात पिढ्यानपिढ्या राहते. माझ्या आजोबांच्या वहीत तर "लोटा, पितळी, चेपलेला" अशी नोंद आहे, म्हणजे न चेपलेला लोटाही कुठंतरी असणार. अशी वही ठेवणारी माणसं आम्ही, आम्हाला तुमची यादी बघितली की ती अर्धी भरल्यासारखी वाटते.

आणि तुमचा धंदा किती अवघड आहे ह्याची मला कल्पना आहे बरं का. दिलेली वस्तू चालायला पाहिजे, टिकायला पाहिजे, घेणाऱ्याला उपयोगी पडायला पाहिजे, आणि अपमान होता कामा नये. २००९ साली ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन अमेरिकेला गेले ते जुन्या ब्रिटिश जहाजाच्या लाकडातनं केलेला पेन ठेवायचा स्टँड घेऊन, आणि ओबामांनी त्यांना काय दिलं, तर पंचवीस डीव्हीडी. त्यासुद्धा अमेरिकेच्या कोडच्या, इंग्लंडच्या प्लेयरवर चालेनात अशी बातमी होती. आमच्या दुकानात असं झालं असतं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी हजर. २०१३ साली मालीनं फ्रान्सच्या अध्यक्षांना उंट दिला, ते काय उंट घेऊन पॅरिसला जाणार नव्हते, म्हणून टिंबक्टूतच एका कुटुंबाकडं सांभाळायला ठेवला, आणि त्या कुटुंबानं तो कापून खाल्ला. आणि १९४५ सालचा किस्सा तर भारीच आहे, रशियातल्या शाळकरी पोरांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह दिलं, त्यानं कौतुकानं भिंतीला लावलं आणि सात वर्षांनी कळलं की त्याच्या आत ऐकायचं यंत्र आहे. आम्ही विकलेल्या घड्याळात फार तर सेल नसतात.

फिरता आहेर हा प्रकार तुम्हाला सांगायला नको. एक शाल आमच्या तालुक्यात पाच-सहा सत्कार आरामात करते. माझ्या मुलीच्या बारशाला आलेलं एक घड्याळ मी उघडून बघितलं तर मागं माझ्याच दुकानाचा स्टिकर. तुमच्याकडं तसं होऊ नये म्हणून तोषाखाना आहे, आपल्या मराठी राज्यात त्याला जामदारखाना म्हणायचे. परदेशातनं पाच हजारांच्या वरची वस्तू मिळाली की तीस दिवसांच्या आत तिथं जमा करायची, ठेवून घ्यायची असेल तर वरचा फरक भरायचा, हा नियम मला फार आवडतो. शेजारी पाकिस्तानातही तोषाखानाच म्हणतात आणि तिथल्या भेटी विकून हिशेब लपवल्याच्या खटल्यात इम्रान खान यांना २०२३ साली तीन वर्षांची शिक्षा झाली, पुढं ती थांबवलीही गेली. ब्राझीलमध्ये सरकारी माणसाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये सौदीकडनं आलेले हिऱ्यांचे दागिने विमानतळावर सापडले. म्हणजे घेणाऱ्याची वही सगळीकडं कडक आहे, किंवा निदान कडक असायला पाहिजे हे सगळ्यांना पटलेलं आहे. अमेरिकेत तर दर वर्षी यादी छापतात, कुणी दिलं, कधी दिलं, किंमत किती, आता वस्तू कुठं आहे. आपल्या पंतप्रधानांनी २०२३ च्या जूनमध्ये जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा लॅबमध्ये केलेला हिरा दिला, त्याची किंमत त्यांनी वीस हजार डॉलर लावली आणि तो व्हाइट हाउसच्या ईस्ट विंगमध्ये सरकारी वापरासाठी ठेवला, हे मला निपाणीत बसून कळतं. पण तो पैलू पाडणारा कोण ते ना त्यांच्या यादीत, ना आपल्या.

घेणाऱ्याचं नाव आहे, देणाऱ्याचं नाव आहे, किंमत आहे, कपाटाचा नंबर आहे. करणाऱ्याचा रकानाच नाही.

त्याच जूनमध्ये जो बायडन यांना चंदनाची पेटी दिली होती ती आठवते का? तुमच्याच विभागानं बांधली असणार. कल्पना फार छान होती, आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकदम पटली. बायडन ऐंशी पूर्ण करून पुढं चाललेले, म्हणून सहस्रचंद्रदर्शनाची दहा दानं. चंदन म्हैसूरचं, पेटी जयपूरच्या कारागिरानं कोरलेली, आतला चांदीचा गणपती कोलकात्याच्या पाच पिढ्या हेच काम करणाऱ्या घरातला. तीळ तमिळनाडूचे, तांदूळ उत्तराखंडचा, तूप पंजाबचं, मीठ गुजरातचं, आणि गूळ महाराष्ट्राचा.

गूळ म्हटल्यावर आमचा जीव अडकतो. कारण गुळाचं भांडण आमच्या दारातलं आहे. कोल्हापूरच्या गुळाला जीआय टॅग आहे, म्हणजे हे नाव त्याच भागातल्या मालाला लावायचं अशी सरकारी नोंद, आणि आमच्या बाजूचा म्हणजे कर्नाटकातला गूळ तिकडच्या बाजारात जाऊन कोल्हापुरी म्हणून विकला जातो अशी तिकडच्या शेतकऱ्यांची कायमची ओरड आहे. ओरड खोटी नाही. मी इकडचा असून सांगतो, खोटी नाही. पण इकडचाही शेतकरी म्हणतो की ऊस तोच, गुऱ्हाळावरचा गुळव्या तोच, दूधगंगा-वेदगंगा तीच, मग माझ्या ढेपेला माझ्या गावाचं नाव का नाही, मी दुसऱ्याचं नाव लावतो कारण माझ्या नावाला बाजारात कुणी विचारत नाही. मला दोघांचंही पटतं आणि म्हणून मी दोघांच्याही शिव्या खातो. आता व्हाइट हाउसमध्ये गेलेला गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा होता? काहिलीखाली चिपाडाचा जाळ कुणी घातला होता? त्या माणसाला जर कळलं असतं ना की आपली ढेप वॉशिंग्टनला गेलीय, तर गावात डिजिटल बोर्ड लागला असता, मिसळ-पाव वाटला असता, आणि मला पंधरा-वीस सन्मानचिन्हांची ऑर्डर आली असती हेही आहेच, खोटं कशाला बोलू.

राज्याचं नाव लावून भागत नाही ह्याचा दुसरा दाखला बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षांना बिदरी कामाच्या सुरयांची जोडी दिली. काळ्या धातूवर चांदीची नक्षी. बातमीत लिहिलेलं, तेलंगणाच्या सुरया. अहो बिदरी हे नावच बिदरवरनं पडलंय, आणि बिदर कर्नाटकात आहे. जस्त आणि तांब्याचा ओतीव धातू, त्यात चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती लावून तो काळा करायचा, ती मातीच तिथली लागते म्हणतात. आता हैदराबादकडंही हे काम करणारे आहेत, त्यामुळं तुमचंही चूक म्हणता येत नाही. बिदर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, मग राज्यांची वाटणी झाली आणि ते इकडं आलं. आम्हाला ते १९५६ चांगलं माहीत आहे, आमची पण उचलबांगडी तेव्हाच झाली, मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात. त्यावर काय बोलायचं ते लोक सत्तर वर्षं बोलतायत, २००४ पासनं केस सुप्रीम कोर्टात पडून आहे, मी इथं त्यात शिरत नाही. मला एवढंच सांगायचंय की राज्याची रेघ कागदावर हलते, कारागिराचा हातोडा आहे तिथंच असतो. तुम्ही राज्य लिहिलंत की वाद. गाव लिहिलंत की वाद नाही.

आणि तुम्हाला हे जमत नाही असंही नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात नायजेरियाच्या अध्यक्षांना चांदीचा पंचामृताचा कलश दिलात तेव्हा स्पष्ट लिहिलं होतं, कोल्हापूर. त्या दिवशी आमच्या गल्लीत सुद्धा चहाच्या गाड्यावर त्याचीच चर्चा होती, जसं काय कलश आमच्याच घरातनं गेलाय. कोल्हापूर आमचं नाही, पण आमचं दवाखान्याचं गाव तेच, लग्नाचा बस्ता तिथलाच, अंबाबाई तिथलीच.

आता चपलेचं सांगतो. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलो होतो.

कोल्हापुरी चप्पल, आमच्याकडं पायताण म्हणतात, ती फक्त कोल्हापुरात होते असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं. तिच्या जीआय टॅगमध्ये आठ जिल्हे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार तिकडचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार इकडचे. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतलेला टॅग आहे, ह्या दोन सरकारांनी मिळून केलेलं दुसरं एखादं काम मला तरी पटकन आठवत नाही. आमच्या जिल्ह्यात अथणी तालुक्यात, मदभावीसारख्या गावांत आणि आमच्या निपाणीकडं हे काम चालतं. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमवायचं, तळाला तळ जोडायचा तो कातड्याच्याच वादीनं, खिळा नाही, वेणी घालायचं बारीक काम बहुतेक घरातल्या बायका करतात, आणि कानाचा, पट्ट्याचा, अंगठ्याचा आकार प्रत्येक घराचा थोडा थोडा वेगळा. जाणकार माणूस वेणी बघून गाव सांगतो.

माझ्याकडं चपला देणारे एक मामा आहेत, अथणी तालुक्यातलेच. शाळा कन्नड, घरातली बोली दोन्हीची खिचडी. त्यांनी हौसेनं एक पितळी शिक्का करून घेतला होता, तळाच्या आतल्या बाजूला उठवायचा, गावाचं नाव, कन्नड अक्षरात. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेनं माझ्याकडं साठ जोड मागितले, परगावचे पाहुणे यायचे होते, त्यांना भेट द्यायला. माल बघायला आलेल्या गृहस्थानं चप्पल उलटी-पालटी केली आणि म्हणाला हे कन्नड काय लिहिलंय, कोल्हापुरी म्हणून द्यायच्यात, घासून टाका. मामांनी काचेच्या तुकड्यानं साठ जोड म्हणजे एकशे वीस शिक्के घासले, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, मी चहा पाजला, दुसरं काय करणार. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेची ऑर्डर. त्यांना कर्नाटकची हस्तकला म्हणून द्यायच्या होत्या. ते म्हणाले बिलावर, खोक्यावर "कोल्हापुरी" शब्द कुठं दिसता कामा नये. मी मामांना फोन केला. मामा म्हणाले, "असं करा, डावी कोल्हापूरला धाडा, उजवी बेंगळूरला धाडा, मला पैसे द्या." मग थोड्या वेळानं म्हणाले, शिक्का करायला तीनशे रुपये गेले होते.

कातड्याचं काम करणाऱ्याच्या नावाला आपल्याकडं किंमत का नव्हती हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. चप्पल सगळ्यांना पाहिजे, ती करणारा दाराबाहेर. आता दाराबाहेर कुणी उभं करत नाही, फक्त नाव घासून टाकतात.

मग २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, नुसतं लेदर सँडल म्हणून, आणि अख्खा देश पेटला. सगळ्यांना एकदम कोल्हापुरीचा अभिमान आला. बोंब झाल्यावर कंपनीनं मान्य केलं की हे भारतातल्या परंपरेवरनं घेतलंय आणि वर्षअखेरीला दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार करून दोन हजार जोड इथंच करून घ्यायचं ठरवलं, एका जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास. चांगलंय. मी मामांना सांगितलं तर त्यांनी आधी युरो म्हणजे किती ते विचारलं आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. पण मला त्या वेळी एक गोष्ट खटकली ती अजून खटकतीय. इटलीच्या कंपनीनं नाव घेतलं नाही म्हणून आपण तिला धारेवर धरलं, बरोबरच केलं, पण आपण स्वतः जेव्हा देशाच्या नावानं वस्तू देतो तेव्हा आपण तरी कुणाचं नाव घेतो? त्यांनी निदान परक्याचं नाव लपवलं, आपण आपल्याच माणसाचं.

आता तुम्ही म्हणाल हे व्यवहारात जमत नाही, एका वस्तूला दहा हात लागतात, कुणाकुणाची नावं घालायची. तर मी तुम्हाला एक हत्तीण सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले होते, बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर काय करायचं ह्या भीतीनं. युद्ध संपल्यावर तिथल्या लहान मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला एक हत्ती पाठवा. नेहरूंनी १९४९ साली पाठवली, नाव ठेवलं इंदिरा, लेकीचं. आणि ती हत्तीण कुठली, तर म्हैसूरची. तिला कन्नडच कळायचं. बस, उठ, पाय उचल, सगळं कन्नडमध्ये. मग तिच्याबरोबर गेलेल्या माहुतांकडनं तिथल्या जपानी लोकांनी दोन महिने कन्नड शब्द शिकून घेतले, हत्तिणीशी बोलता यावं म्हणून. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो दुकानात. मी निपाणीत जन्मून कामापुरतं कन्नड शिकलो ते चिकोडी-हुक्केरीकडच्या गिऱ्हाइकांमुळं, आणि त्याला मला तीन वर्षं लागली. जपान्यांना दोन महिने. पण त्यांच्यापुढं हत्ती उभा होता, माझ्यापुढं घासाघीस करणारं गिऱ्हाईक.

तर सांगायचं काय, ती भेट नुसती जहाजात घालून पाठवली नव्हती. तिच्यासोबत तिला ओळखणारी माणसं गेली, तिची भाषा गेली. १९८३ साली ती गेली तोवर ती तिथं चौतीस वर्षं होती, जपानात आजही म्हाताऱ्या माणसांना तिचं नाव माहीत असतं. असलं काही करायला किती खर्च आला असेल हो? हत्तीला जे जमतं ते चपलेला, कलशाला का नाही जमणार, त्यांना तर चारा पण लागत नाही.

दुसरं एक उदाहरण आमच्या गावाशी लागूनचं. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, गांधीजी अध्यक्ष. नुकतीच त्याची शंभर वर्षं साजरी झाली, आमच्या दुकानातनं पण चरख्याची छोटी मॉडेलं बरीच गेली. त्या अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी पैशाऐवजी सूत घ्यायचं ठरलं, महिन्याला दोन हजार वार. म्हणजे पुढाऱ्यानं सुद्धा स्वतःच्या हातानं काहीतरी केलं पाहिजे असा हिशेब. बऱ्याच पुढाऱ्यांनी कंटाळा केला, पण गांधीजी कातत राहिले, आणि १९४७ साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नात त्यांनी जो आहेर पाठवला तो स्वतः कातलेल्या सुताचा विणलेला रुमालासारखा कपडा होता, त्यावर "जय हिंद". राजघराण्यातल्या म्हाताऱ्या क्वीन मेरींना तो पंचा वाटला आणि त्या नाराज झाल्या. पण तो कपडा त्या घरानं टाकला नाही, २०१५ साली आपले पंतप्रधान लंडनला गेले तेव्हा राणीनं तो काढून दाखवला. अडुसष्ट वर्षं. त्या लग्नात हिरे-माणकं कमी आली नसतील, पण आपण बोलतोय कपड्याबद्दल, कारण सूत कुणी कातलं ते माहीत आहे.

तर प्रोटोकॉलवाल्यांनो, मागणी छोटी आहे. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी. आमच्याकडं रुखवतात ठेवतात तशी, "हे विहिणीनं केलं, हे मावशीनं केलं." गाव, तालुका, काम काय, कसं केलं. कारागिराची हरकत नसेल तर नाव. दहा हात असतील तर दहा नावं, बारीक अक्षरात घाला, सिनेमाच्या शेवटी येतात तशी. सुरक्षेचा प्रश्न असेल, भेट द्यायच्या आधी बाहेर कळायला नको असेल, तर नंतर कळवा. आणि ती भेट दिल्याचा एक फोटो त्या माणसाला पाठवा, व्हॉट्सॲपवर पाठवलात तरी चालेल, फ्रेम मी करून देतो, फुकट. अथणी, हुपरी, बिदर, कुठलीही असू दे, कुरियरचा खर्च माझा.

चप्पल भेट द्या असा माझा हट्ट नाही. चप्पल दिली की नातं तुटतं म्हणतात, आणि तुमच्या खात्यात ती जोखीम कोण घेणार. भरतानं चौदा वर्षं पादुकांवर राज्य चालवलं ते वेगळं. शिवाय मोठ्या माणसांच्या पायाचा नंबर विचारायचा कुणी हाही प्रश्न आहे. पण शहापूर-वडगावच्या मागावरची साडी आहे, खानापूरची मातीची भांडी आहेत, गोकाकची लाकडी रंगीत फळं-खेळणी आहेत, अशी की पोरं खरी समजून चावा घेतात. देऊन तर बघा. दिलीत तर "कर्नाटक" एवढंच लिहू नका, आणि आमच्याकडच्या काही उत्साही मंडळींनी कितीही आग्रह केला तरी "महाराष्ट्र" एवढंही लिहू नका.

चिठ्ठीचा नमुना मी करून ठेवलाय, दुकानातल्या प्रिंटरवर छापून बघितला, साडेतीन इंच बाय दोन इंचात बसतो:

"पायताण, एक जोड. कातडं बाभळीच्या सालीत कमावलेलं. खिळा नाही, शिलाई वादीची. वेणी घरातल्या बायकांनी घातलेली. गाव मदभावी, तालुका अथणी, जिल्हा बेळगाव. पाण्यात भिजवू नये. पहिले आठ दिवस चावते, मग सोडत नाही."

शेवटची ओळ मामांनी सांगितलेली आहे, ती काढू नका.

आपला,
निपाणीतला एक भेटवस्तूवाला

ता. क. : चिठ्ठीवर वर कुठली भाषा आणि खाली कुठली, हे कृपा करून आम्हाला विचारू नका. आम्ही ठरवायला बसलो तर पुतिन पुढच्या वेळी येऊन परत जातील. तेवढं तुम्हीच ठरवा, फक्त गावाचं नाव दोन्हीत घाला.

ता. क. २ : मामांनी नवीन शिक्का करायला टाकलाय. ह्या वेळी साडेचारशे सांगितले.